ट्विन्सच्या नव्या चाहत्याला

मिनियापोलिसला आल्या आल्या तुला ट्विन्सचा, म्हणजे आपल्या इथल्या बेसबॉल संघाचा, लळा लागला, फार बरं वाटलं. ऑक्टोबरात मात्र जीव तुटेल, म्हणून आधीच सांगतो. 2004 ते 2020 या काळात आपण प्लेऑफचे (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांचे) सलग 18 सामने हरलो, त्यातले 13 न्यूयॉर्कच्या यांकीजकडून! सगळ्यात जिव्हारी लागलं ते 2019. 101 विजय, 307 होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवणारे फटके; एका हंगामातला तेव्हाचा विक्रम), आणि यांकीजनी तीन सामन्यांत गाशा गुंडाळायला लावला.

अशा वेळी खेळाडूंना शिव्या घालू नकोस. संघाची खरी ताकद हंगामाच्या 162 सामन्यांत दिसते. प्लेऑफच्या पाच सामन्यांच्या मालिकेत समोरचे दोन पिचर (चेंडू फेकणारे) रंगात आले की संपलं. म्हणून सप्टेंबरात मी होम रन मोजत नाही, आपले पहिले तीन पिचर किती ताजे आहेत ते बघतो.

आणि जमलं तर प्लेऑफला टार्गेट फील्डवर, आपल्या घरच्या मैदानावर, जाच. 3 ऑक्टोबर 2023 ला रॉयस लुईसने टोरंटोविरुद्ध दोन होम रन मारले, आपण 3-1 ने जिंकलो आणि ती 18 पराभवांची साखळी तुटली. शेजारच्या अनोळखी आजोबांनी मला मिठी मारली, दोघेही रडत होतो. पुढच्या फेरीत ह्यूस्टनने हरवलं. त्या दिवशीची टोपी मी अजून जपून ठेवली आहे.