वाचकांचे प्रश्न : मे महिन्यातला समुद्र सकाळचा

प्रश्न : आम्ही तिघे मित्र दरवर्षी मे महिन्यात मालवणला येऊन रॉड-रील घेऊन होडीने आत गळाने मासे गरवायला जातो. गेल्या वर्षी नाश्ता करून नऊला निघालो आणि तीनला परतलो. सहा तासांत एक बाराकुडा. एकाला उन्हाने चक्कर आली आणि येताना होडी इतकी आपटत होती की तिघेही ओकलो. मे महिना गरवायला वाईटच का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : मे वाईट नाही. तुम्ही निघालात तेव्हा गरवायची वेळ संपत आली होती.

मी चाळीस वर्षं या किनाऱ्यावर गरवतोय, त्यातली वीस पाहुण्यांना घेऊन. माझी होडी मे महिन्यात पहाटे साडेचारला पाण्यात असते. त्या वेळी मतलई वारा असतो, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा. तोंड समुद्राकडे करून उभं राहिलात तर तो मानेला गार लागतो आणि त्याला वाळलेल्या पाल्याचा, काजूच्या बोंडांचा वास असतो. हा वारा पाठीवर घेऊन होडी सरळ आत जाते. पाणी तेलासारखं सपाट. साडेआठ-नऊला वारा पडतो, तासभर पान हलत नाही, आणि मग खारा वारा उलटा सुरू होतो. अकरानंतर तो वायव्येकडून जोर धरतो आणि दोन ते चारच्या दरम्यान सर्वांत जास्त असतो. तुम्ही नेमके त्याच वेळी परत येत होता. वायव्येची लाट घराकडे येणाऱ्या होडीला डावीकडून, मागून धरते. होडी वळवळते, आपटते, आणि नवख्याचं पोट तिथेच ढवळतं.

माशांचंही तेच. एप्रिल-मे मध्ये आभाळ स्वच्छ, वारा कमी, त्यामुळे वरचं पाणी तापत जाऊन तीस अंशांच्या आसपास पोचतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. ऊन डोक्यावर आलं की पेडवे, तारली खाली सरकतात आणि त्यांच्यामागे इसवणही जाते (तुमच्याकडे तिला सुरमई म्हणतात). तुम्ही भर दुपारी वरून ओढलेला पॉपर (पाण्याच्या पृष्ठावर ओढायचं बनावट आमिष) तिने पाहिलाही नसेल. उजाडल्यापासूनचे तीन-साडेतीन तास ट्रोलिंग करा, म्हणजे चालत्या होडीमागे आमिष ओढा. नऊनंतर गरवायचंच असेल तर दहा-बारा वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) पाण्यात, खडपाच्या कडेला जिग, म्हणजे धातूचं जड आमिष, खाली सोडा. तिथे कोकर, तांबोशी, नशीब असेल तर मोडसा मिळतो. इसवणीसाठी स्टीलचा लीडर (दोरी आणि गळ यांच्यामधला तुकडा) लावा, नायलॉन तिचे दात एका झटक्यात कापतात.

जागा कुठली, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मला सांगायचंय. माझ्या वडिलांबरोबर एक म्हातारे तांडेल यायचे. मी घाईने गळ टाकायला गेलो की हात धरायचे : ‘आधी पाणी बघ, मगे गरी टाक.’ किनाऱ्याकडचं पाणी हिरवट, आतलं निळं. दोन्ही जिथे भिडतात तिथे एक रेघ दिसते. फेसाची बारीक पट्टी, तिच्यात सुरूची पानं, एखादी चप्पल, तरंगणारा ओंडका. होडी अगदी सावकाश तिच्या अंगावर नेऊन मी पाण्यात हात घालतो. कधी कधी एका बाजूला पाणी कोमट लागतं, दुसऱ्या बाजूला किंचित थंड. अशा रेघेवर बारीक मासळी गोळा होते, वर सुरय पक्षी घिरट्या घालतात आणि सूर मारतात. त्या रेघेला समांतर आमिष ओढा, तिच्यातून आरपार नको. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या केंद्र सरकारच्या संस्थेकडून मासळीच्या संभाव्य जागांची सूचना मिळते, तीसुद्धा उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य बघून अशाच सीमा शोधते. सूचना बघून दिशा ठरवा. रेघ मात्र तिथे जाऊन डोळ्यांनीच शोधावी लागते.

एक गोष्ट मनापासून सांगतो. काही वर्षांपूर्वी पाहुण्यांच्या आग्रहाला बळी पडून मी दीडपर्यंत आत थांबलो. कुपा (ट्यूना) लागत होता, त्यांना निघवत नव्हतं. खारा वारा चढला आणि होडी हिंदकळून इंधनाच्या टाकीच्या तळचं पाणी इंजिनात गेलं. इंजिन बंद. बारा वावांवर नांगर टाकला आणि अडीच तास लाटा अंगावर घेत बसलो. प्यायचं पाणी संपलं होतं. पाहुण्यांतल्या एका पोराचे ओठ फुटून रक्त येत होतं आणि तो काही न बोलता माझ्याकडे बघत होता. ओळखीच्या होडीने आम्हाला ओढून आणलं. त्या दिवसापासून साडेदहाला मी दोर गोळा करतो, मासा कितीही लागत असो.

माणशी चार लिटर पाणी, लिंबू-मीठ-साखर, लांब बाह्यांचा सुती सदरा. लाइफ जॅकेट पायाखाली नको, अंगात हवं. तटरक्षक दलाचा नंबर १५५४, तो निघण्याआधी फोनमध्ये घाला.

मेच्या उत्तरार्धात आणखी एक धोका असतो. वारा नाही, पाणी आरशासारखं, आणि तरी खडपावर लाट फुटते. ती लाट इथली नसते. हजारो किलोमीटर दक्षिणेच्या वादळांतून ती लांबलचक येते. खोल पाण्यात होडी नुसती वर-खाली होते, कळतही नाही, पण उथळ खडपाशी तीच लाट उभी राहते. म्हणून वेंगुर्ला रॉक्सच्या (वेंगुर्ल्यासमोरची खडकाळ बेटं) परिसरात शांत दिवशीही खडकाला चिकटून गरवू नका. आधी दहा मिनिटं लांब उभे राहून लाटा मोजा. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवती तर गळ टाकायचाच नाही. तो परिसर १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्याचा गाभा आहे.

प्रश्न : मे महिन्यात आम्ही स्वतः पकडलेला कुपा घरी नेऊन कालवण केलं. अर्ध्या तासात दोघांची तोंडं लालबुंद झाली, डोकं ठणकलं, अंगाला खाज सुटली. मासा तर त्याच दिवशीचा. आम्हाला माशाची ॲलर्जी झाली का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : दोघांना एकाच वेळी झालं, म्हणजे ॲलर्जीपेक्षा माशाचाच संशय जास्त. कुपा, बांगडा, सुरमई, माही-माही हे मासे उन्हात पडले की त्यांच्यातले जिवाणू हिस्टामिन तयार करतात. शिजवून किंवा गोठवून ते जात नाही. वास किंवा चव बिघडलेली असेलच असं नाही, कधी जिभेला तिखट चुरचुर लागते एवढंच. त्रास बहुधा काही तासांत उतरतो, पण डॉक्टरांना ‘कुपा खाल्ला होता’ हे सांगायलाच हवं, आणि धाप लागली तर तात्काळ दवाखाना गाठा.

मासा त्याच दिवशीचा होता, पण होडीत तो किती वेळ उघड्यावर होता? मेच्या उन्हात फळीवर तासभर ठेवलेला मासा मी घरी नेत नाही. मासा वर आला की लगेच कल्ल्यामागे कापून रक्त काढतो, पोट साफ करतो आणि बर्फ-खाऱ्या पाण्याच्या काल्यात पूर्ण बुडवतो. नुसत्या खड्यांपेक्षा काल्यात तो लवकर गार होतो. किलोला किलो बर्फ हा हिशेब. बर्फ संपला की गरवणंही संपलं. माझ्या होडीवर पाहुण्यांच्या शीतपेयांना वेगळी पेटी असते, कारण तिचं झाकण सारखं उघडतं.

प्रश्न : लहान सुरमई सोडून दिली तर जगते का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : लवकर सोडलीत तर शक्यता बरी. तापलेल्या पाण्यात मासा लवकर दमतो, म्हणून बारीक दोरीवर अर्धा तास खेळवू नका. दोरी दणकट घ्या, तिनाऐवजी एकाच काट्याचा गळ लावा, मासा पाण्यातच ठेवून पक्कडीने गळ काढा. फोटोसाठी कोरड्या हातात धरून उभे राहिलात की संपलं. राज्य सरकारने ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवली आहे, सुरमईसाठी ती ३७० मिलिमीटर. मी दोन फुटांखालची घेतच नाही, कारण तेवढ्या इसवणीने बहुधा अजून अंडी घातलेली नसतात.

प्रश्न : जूनच्या पहिल्या आठवड्यात सुट्टी मिळाली आहे. आलो तर चालेल?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : मालवणला या, समुद्रात नको. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, मासळीच्या विणीचा हा काळ. मेच्या शेवटच्या आठवड्यावरही भरवसा ठेवू नका. २०२५ साली २४ मेला कमी दाबाचं क्षेत्र दक्षिण कोकणात किनाऱ्यावर आलं आणि २५ मेला पाऊस देवगडात दाखल झाला. २०२१च्या मेमध्ये तौक्ते वादळ याच किनाऱ्यासमोरून गेलं. माझी होडी आता २० मेला वर ओढलेली असते. नारळी पौर्णिमा झाली की पत्र लिहा. तेव्हाचं पाणी गढूळ, नद्यांचं. त्याचं गरवणं वेगळं असतं.