पालक-सहभागावर संशोधन सुरू करणाऱ्यांसाठी

शाळेतील पालक आणि समाजाच्या सहभागावर पीएच.डी. करायचे ठरवले असेल, तर प्रश्नावली तयार करण्याआधी शिक्षण हक्क कायदा, 2009 मधील कलम 21 आणि 22 नीट वाचावे, असे मी सुचवेन. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या महिला असाव्यात आणि समितीने शाळा विकास आराखडा तयार करावा, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. विनाअनुदानित शाळांना मात्र ही तरतूद लागू नाही.

इतिवृत्तावरील सह्या म्हणजे सहभाग नव्हे. सभा कोणत्या वेळी बोलावली, मजुरी बुडवून कोण आले, खर्चावर प्रश्न कोणी विचारला आणि त्याचे पुढे काय झाले, हे समजण्यासाठी एकाच शाळेत वर्षभर जात राहणे मला दहा शाळांच्या धावत्या भेटींपेक्षा अधिक मोलाचे वाटते. बीडसारख्या जिल्ह्यातून ऊसतोडीला गेलेल्या पालकांच्या गैरहजेरीला ‘उदासीनता’ म्हणणारा अभ्यास (असे अभ्यास होतात!) मुळातच फसतो.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील जॉयस एपस्टाईन यांनी सहभागाचे सहा प्रकार मांडले आहेत. ती चौकट जरूर वापरा. परंतु वर्गखोलीसाठी लोकवर्गणी काढणारे गाव तिच्यात कुठे बसते, हे क्षेत्रकार्यानंतरच ठरवा. शोधनिबंध बहुधा इंग्रजीत लिहावे लागतील, तरी निष्कर्ष आधी समितीच्या सभेत मराठीत मांडा, म्हणजे तुम्ही लावलेला चुकीचा अर्थ पालक तिथल्या तिथे दुरुस्त करू शकतील.