केलोनाला येताय, तर एक खोली धुरासाठी राखून ठेवा

भावा, ऑगस्टमध्ये सहकुटुंब कॅनडातल्या केलोनाला राहायला येतोयस, सात वर्षांच्या लेकीला बालदमा आहे, मग वणव्याच्या धुराचं काय करायचं आणि ऑक्टोबरात तरी हवा निवळते का, असं तू विचारलंस. व्हिसाचं सगळं सरकारी संकेतस्थळावर आहे, ते लिहीत नाही. लेकीचं वाचलं आणि राहवलं नाही.

आपल्याकडे शिवारात पाचट पेटवलं तर धूर संध्याकाळपर्यंत विरतो. इथे दोन्हीकडे डोंगर, मध्ये तळं. धूर दरीत आठवडाभरही बसून राहतो. आणि आपली ऑक्टोबर हीट पाऊस संपल्यावर येते, इथे उन्हाळा कोरडा जातो आणि वणवे विझवणारा पाऊस शरदातच यायचा असतो. तो लांबला की जंगल धुमसत राहतं. 2022 साली ऑक्टोबर अर्धा सरला तरी व्हँकुव्हर-सिएटलवर धूर होता. त्यामुळे सप्टेंबर संपला म्हणून हवा गाळायचा फिल्टर माळ्यावर टाकू नकोस.

आकड्याची गफलत सगळ्यांची होते. हवा किती खराब हे सांगणारा आपला एक्यूआय 500 पर्यंत जातो, इथला एक्यूएचआय, म्हणजे हवेमुळे तब्येतीला असलेल्या धोक्याचा आकडा, 1 ते 10 असतो, त्यापुढे 10+. सात दिसलं की 'काहीच नाही' वाटतं, पण सात म्हणजे जास्त धोका. सातला लेक घरात.

घरातली एकच खोली निवड, शक्यतो झोपायची. खिडकीच्या फटींना टेप लाव, दाराखाली ओला टॉवेल सरकव. हवा गाळायला खोका घरी बनतो: 20 बाय 20 इंचाचे, 2 इंच जाडीचे चार मर्व्ह 13 (धुराचे बारीक कण अडवणाऱ्या दर्जाचे) फिल्टर चौकोनात उभे करायचे, कडेवरचे बाण आतल्या बाजूला. तळाला पुठ्ठा, वर 20 इंची बॉक्स फॅन (चौकोनी चौकटीचा पंखा), हवा वर फेकणारा. सगळे सांधे डक्ट टेपने बंद. फॅनच्या तोंडावर मध्ये साधारण 15 इंचाचं भोक पाडलेला पुठ्ठा चिकटव. हे बरेच जण सोडतात, मग चार कोपऱ्यांतून हवा उलटी आत ओढली जाते आणि खोक्याची ताकद घटते. भिंतीला टेकवू नकोस. पांढरा फिल्टर राखाडी-काळा झाला की बदल. सामान जूनमध्येच घेऊन ठेवायचं असतं, धूर आल्यावर दुकानं रिकामी होतात. तू उशिरा येतोयस, तर उतरल्या आठवड्यातच घे.

धुराच्या दिवशी फोडणी, तळण, उदबत्ती बंद. बंद घरात कढईचा धूरही तेवढाच बारीक असतो. स्वयंपाकघराचा आणि बाथरूमचा एक्झॉस्टही कामापुरताच, कारण तो जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढी धुराची हवा फटींतून आत येते. एकाच पाइपाचा पोर्टेबल एसी याच कारणाने घेऊ नकोस, दोन पाइपांचा बघ. घर भाड्याने घेतानाच एसीचं विचार, कारण उकाडा आणि धूर एकत्र आले की खिडकी उघडायची सोय राहत नाही.

साधा कापडी मास्क निरुपयोगी. मोठ्यांना एन95, दाढी असेल तर तोही नीट बसत नाही. लेकीला लहान मापाचा केएफ94, म्हणजे एन95सारखाच कोरियन मास्क.

आता शाळा. यावर मी शांतपणे लिहू शकत नाही. कागद पूर्ण नसेल तर काही शाळांत दम्याच्या पोराचा पंप (इनहेलर) ऑफिसच्या कपाटात ठेवतात आणि पोर मैदानावर धापा टाकतं. मला हे अजून सलतं. म्हणून डॉक्टरांनी सही केलेला दम्याचा आराखडा पहिल्या दिवशीच दे, आणि सात आकडा असताना मधली सुट्टी आत की बाहेर, हे लेखी विचार. कोल्हापुरातून निघतानाच औषधाचं मूळ (जेनेरिक) नाव लिहिलेलं पत्र, स्पेसर (पंपाला लावायची नळी) आणि तीन महिन्यांची औषधं घे. इथल्या सरकारी आरोग्य विम्याला आलेला महिना आणि पुढचे दोन महिने थांबावं लागतं.

एकटेपण येतं, फोन आहे, जातं. पण पोराच्या छातीत घरघर ऐकू आली की आपण त्याला इथे आणलं ते योग्य केलं का, हा प्रश्न रात्री पडतो. मला उत्तर सापडलेलं नाही.

भाडेकरूचा विमा आल्याआल्या काढ. वणवा जवळ आला की कंपन्या नवा विमा देणं थांबवतात. 'इव्हॅक्युएशन अलर्ट' म्हणजे तयारीत राहा, 'ऑर्डर' म्हणजे लगेच निघा. पासपोर्ट, परमिट, जन्मदाखले, पदव्या आणि एक जादा पंप एका पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला लाव.