आप्पांचा हात आणि पडवीतला फोन

प्रश्न : सासऱ्यांना तीन महिन्यांपूर्वी लकवा झाला, उजवी बाजू गेली. आता काठी धरून चालतात. हात पेल्यापर्यंत पोचतो, पण बोटं नीट मिटत नाहीत. आम्ही कणकवली तालुक्यातले. फोंडा घाट चढून कोल्हापूरला फिजिओथेरपीला जायचं तर अख्खा दिवस मोडतो. तिथल्या बाई म्हणतात, आठवड्यातून तीनदा व्हिडिओ कॉलवर व्यायाम घेऊ. रेंज फक्त पडवीत येते. आप्पा म्हणतात, "मोबायलात बघून हात हलता काय गो?" पैसे वाया जाणार नाहीत ना?

उत्तर : आप्पांची शंका रास्त आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पहिल्यांदा फोनवर पेशंट घेतले तेव्हा मलाही वाटलं, हात न लावता फिजिओथेरपी कसली? पण लकव्यानंतर हात सुधारतो तो आम्ही चोळल्याने नव्हे, पेशंटने तीच हालचाल शेकडो वेळा स्वतः केल्याने. ती करून घ्यायला आणि चुकली की टोकायला फोन पुरतो. अमेरिकेत ११ केंद्रांवर १२४ पेशंटवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. ७० मिनिटांची ३६ सत्रं, काहींना घरी, काहींना दवाखान्यात. हाताच्या सुधारणेत घरचे मागे पडले नाहीत. मात्र निम्म्या सत्रांत थेरपिस्ट पडद्यावर हजर होता. याउलट भारतात १२५० पेशंटच्या घरच्यांना शिकवून व्यायाम त्यांच्यावर सोपवले, तेव्हा सहा महिन्यांनी परावलंबन कमी झालेलं दिसलं नाही. म्हणून नुसते व्हिडिओ पाठवणाऱ्याला पैसे देऊ नका. तुमच्या बाई स्वतः बघणार असतील तर जरूर द्या.

पहिली एक-दोन सत्रं कोल्हापूरला जाऊनच करा. स्नायूंचा ताठरपणा आणि खांद्याचा सैलपणा हाताला कळतो, फोनला नाही. आप्पांना उठवताना तो हात धरून ओढू नका, सगळी घरं हीच चूक करतात. पाणी पिताना ठसका लागत असेल तर कॉलची वाट न बघता डॉक्टरांकडे न्या.

कॉलवर सगळे चेहरा दाखवतात. मला चेहरा नको, खांदा आणि कोपर हवं. फोन डाळीच्या डब्याला टेकवून आप्पांच्या उजव्या बाजूला ठेवा. पेला घ्या म्हटलं की पेशंट कोपर सरळ न करता कंबरेतून वाकतो, आणि ही लबाडी बाजूनेच दिसते. तुम्ही शेजारी उभ्या राहा. पडवी चालेल, उजेडही बरा असतो. फक्त येणारेजाणारे विचारपूस करायला थांबतात ते आप्पांना नको वाटेल, म्हणून एक जुनी साडी आडवी बांधा.

मधल्या दिवसांत त्यांना कुळीथ द्या. आत्ता दाणा चिमटीत येणार नाही, तेव्हा मुठीत मावतील तेवढे एका वाटीतून दुसरीत टाकू द्या. जमलं की मग सुपात घेऊन निवडायला सांगा, आणि पुढच्या कॉलला ते सूपच फोनसमोर ठेवा.