शिट्टीचा मोबदला

प्रश्न : अमेरिकेत मेस्सी खेळतो त्या लीगचे रेफरी २०२४ मध्ये पैशासाठी अडून बसले होते म्हणे. पंचांना हे शोभतं का? – एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : न शोभायला काय झालं? आणि ते अडून बसले नव्हते. त्यांनी पुढ्यातला करार नाकारला, म्हणून नेमणाऱ्या संस्थेनेच त्यांना बाहेर ठेवलं. टाळेबंदीच ती! हंगाम बदली रेफरींवर सुरू झाला, मार्चअखेरीस तडजोड झाली.

मी मिरजेत, कोल्हापुरात शिट्टी फुंकलीय. उन्हात दहा-बारा किलोमीटर पळायचं, वर दोन्हीकडच्या शिव्या खायच्या. एकदा बक्षीस समारंभानंतर संयोजकांनी पाकीट खिशात कोंबलं, ‘घरी जाऊन उघडा हं, साहेब.’ बसमध्येच उघडलं. तिकीट वजा जाता चहापुरते उरत होते. करंडक मात्र कमरेएवढा!

इंग्लंडने २००१ मध्ये वरच्या फळीतले रेफरी पगारी केले. तोवर तेही नोकरी सांभाळूनच पळायचे. माझ्या मते नुसतं सामन्यामागे मानधन पुरत नाही. दुखापत झाली की तेही बंद. ठरलेला पगार हवाच.

तुमच्या गल्लीत स्पर्धा भरत असेल, तर करंडकाआधी पंचांचं मानधन ठरवायला सांगा. लेखी.