वाचकांचे प्रश्न : लाकडाच्या प्रयोगशाळेतून

लाकूड आणि वनसंपत्ती यांच्या संशोधनाविषयी गेल्या काही आठवड्यांत बरीच पत्रे आली. त्यांपैकी एकमेकांशी धागा जुळणारे प्रश्न येथे घेतले आहेत; एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : माणूस हजारो वर्षे लाकूड वापरत आला आहे आणि अनुभवी सुताराला हात लावताच लाकूड कळते. मग त्यावर संशोधन करण्यासाठी स्वतंत्र संस्था कशाला हव्यात?

उत्तर : सुताराचे ज्ञान अस्सल असते यात शंका नाही, मात्र ते त्याच्या हाताखालून गेलेल्या जातींपुरते असते. पोलाद हवे तसे घडवता येते. लाकूड झाड घडवते, आणि तेही स्वतःच्या गरजेसाठी, आपल्या तुळईसाठी नव्हे. त्यामुळे एकाच ओंडक्यातून कापलेल्या दोन फळ्यांची ताकदही सारखी निघत नाही, आणि हा फरक आकड्यांत बांधणे हे अशा संस्थांचे मोठे काम राहिले आहे. देहरादूनची वन संशोधन संस्था १९०६ मध्ये आणि अमेरिकेत मॅडिसन येथील वनोत्पादन प्रयोगशाळा १९१० मध्ये सुरू झाली. अशा ठिकाणी गाठ नसलेले, सरळ धाग्याचे, दोन ते पाच सेंटिमीटर जाडीचे नमुने यंत्रात वाकवून, दाबून आणि ताणून मोडले जातात, आणि हे काम एकेका जातीच्या शेकडो नमुन्यांवर करावे लागते.

या कंटाळवाण्या मोडतोडीतून हाती आलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. लाकडाची ताकद भार किती आहे यावर जशी ठरते, तशीच तो भार किती काळ राहणार यावरही ठरते. काही मिनिटांच्या चाचणीत तुळई जेवढा भार पेलते, त्याच्या साधारण साठ टक्केच भार दहा वर्षे सतत पेलण्यासाठी धरावा, असा हिशेब मॅडिसनच्या प्रयोगांतून पुढे आला, आणि इमारती लाकडाच्या आरेखनात त्याचा आजही आधार घेतला जातो. एवढ्या काळाचा हिशेब स्पर्शाने लागत नाही.

प्रश्न : पूर्ण वाळलेल्या फळ्या घेऊन मेजाचा पृष्ठभाग करून घेतला, तरी सहा महिन्यांत एक फळी वाकली आणि दोन फळ्यांच्या मध्ये फट पडली. आम्हाला फसवले गेले, की लाकूडच वाईट होते?

उत्तर : बहुधा दोन्ही नव्हे. ‘वाळलेले’ हा शब्द अपुरा आहे. कशापर्यंत वाळलेले, हे विचारायला हवे होते.

लाकडात पाणी दोन ठिकाणी असते. काही पाणी पेशींच्या पोकळीत मोकळे असते, तर काही पेशींच्या भित्तिकांमध्ये मुरलेले असते. ताजा ओंडका वाळू लागला की आधी मोकळे पाणी निघून जाते आणि या टप्प्यात लाकूड हलके होते, पण जवळजवळ आकसत नाही. ओलावा सुमारे तीस टक्क्यांवर आला की पोकळ्या रिकाम्या झालेल्या असतात आणि फक्त भित्तिकांतले पाणी उरते. त्याच्या खाली जो प्रत्येक टक्का जातो, त्यासोबत भित्तिका बारीक होतात आणि लाकूड आकसू लागते.

हा ओलावा मोजण्याची पद्धत साधी आहे. फळीच्या टोकापासून थोडे आत सरकून एक चकती कापतात, कारण टोक नेहमी जास्त वाळलेले असते. ती तत्काळ तोलतात आणि १०३ अंश सेल्सिअसच्या भट्टीत ठेवून वजन घटायचे थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा तोलतात. ओला तुकडा १५० ग्रॅम भरला आणि वजन १०० ग्रॅमवर स्थिर झाले, तर ओलावा ५० टक्के. कारण तो कोरड्या वजनाच्या प्रमाणात मांडतात. त्यामुळेच काही ताज्या लाकडांचा ओलावा शंभर टक्क्यांच्या वर निघतो आणि पहिल्यांदा वाचणाऱ्याला ती छपाईची चूक वाटते.

आता आपली फट. लाकूड सर्व दिशांनी सारखे आकसत नाही. लांबीत ते नगण्य आकसते, गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत काहीसे, आणि वाढीच्या वलयांच्या वळणाला धरून त्याच्या जवळपास दुप्पट. समजा, वलयांच्या दिशेने एकूण आठ टक्के आकसणाऱ्या जातीची ३० सेंटिमीटर रुंदीची फळी १८ टक्के ओलाव्यावर जोडली आणि ती पुढे १० टक्क्यांवर येऊन स्थिरावली. तीस टक्क्यांपासून शून्यापर्यंत मिळून आठ टक्के आकुंचन होते, तर यातल्या आठ अंकांच्या घसरणीत रुंदी सुमारे २ टक्के, म्हणजे सहा मिलिमीटरच्या आसपास घटते. आपली फट तेवढीच असावी. फळी वाकण्याचे कारणही हेच असते : ओंडक्याच्या कडेने सपाट कापलेल्या फळीत दोन्ही दिशांची आकुंचने वेगवेगळी होतात आणि वळलेली वलये जणू सरळ होऊ पाहतात.

म्हणून मुरलेले लाकूड म्हणजे जिथे वापरायचे तिथल्या हवेशी जुळवून घेतलेले लाकूड. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के आणि तापमान २० अंश असेल, तर लाकूड साधारण १२ टक्के ओलाव्यावर थांबते. हवा कोरडी असेल तर त्याहून खाली उतरते. फळ्या जोडण्यापूर्वी काही आठवडे त्याच खोलीत, प्रत्येक थरामध्ये पट्ट्या घालून रचून ठेवाव्यात आणि पृष्ठभाग खालच्या चौकटीला चिकटवून न टाकता त्याला सरकायला जागा ठेवावी.

प्रश्न : लागवडीतील झटपट वाढणाऱ्या झाडांचे लाकूड कमअस्सल असते, असे ऐकतो. हे खरे आहे का?

उत्तर : वेगाला सरसकट दोष देणे बरोबर नाही. ओक किंवा ॲश यांसारख्या जातींत पाणी वाहून नेणाऱ्या मोठ्या वाहिन्या वलयाच्या आरंभी एका पट्ट्यात येतात. वलय रुंद झाले तरी हा सच्छिद्र पट्टा फारसा वाढत नाही, वाढतो तो त्यानंतरचा घट्ट भाग. त्यामुळे अशा झाडांत जलद वाढलेले लाकूड उलट अधिक जड आणि बळकट निघू शकते. पाईनसारख्या सूचिपर्णी वृक्षांत मात्र बहुधा याच्या विरुद्ध घडते.

खरी अडचण वयाची आहे. खोडाच्या गाभ्याजवळची पहिली दहा ते वीस वलये म्हणजे झाडाचे बालपणीचे लाकूड. त्यातील पेशीभित्तिकांमधले सेल्युलोजचे सूक्ष्म तंतू खोडाच्या अक्षाला समांतर न राहता बरेच तिरके असतात. परिणामी ते लाकूड कमी ताठ असते आणि, मघाशी मी नगण्य म्हटले ते, लांबीतले आकुंचनही त्यात डोळ्यांत भरण्याइतके होते. झाड लवकर जाड झाले म्हणून लवकर तोडले, तर ओंडक्यात या भागाचा वाटा मोठा राहतो आणि त्याच्या फळ्या कमानीसारख्या वाकतात. म्हणूनच विरळणी, म्हणजे दाटीतली काही झाडे काढणे, कधी करावी, तोड किती वर्षांनी घ्यावी आणि कोणत्या वाणाचे तंतू लवकर सरळ होतात, हे वनशास्त्राचे प्रश्न लाकडाच्या प्रयोगशाळेत येऊन सुटतात. ही दोन खाती वेगवेगळ्या छपरांखाली ठेवणे मला तरी पटत नाही.

प्रश्न : बांबूला लाकूड म्हणावे का?

उत्तर : वापरात म्हणा, पण शास्त्रात तो गवत आहे. झाड वर्षागणिक जाड होते, बांबू होत नाही. कोंब जमिनीतून ज्या जाडीने वर येतो, ती जवळपास त्याची कायमची जाडी. त्याच्या चाचण्या आणि मानके म्हणूनच वेगळी असतात.

प्रश्न : हिरवट झाक असलेल्या, रसायन पाजलेल्या जुन्या लाकडात आर्सेनिक असते म्हणतात. ते वापरावे का?

उत्तर : अशा लाकडात तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण असण्याची शक्यता पुष्कळ आहे. ते सोंटी कामेशम यांनी देहरादूनच्या संस्थेत १९३३ मध्ये शोधले आणि पुढे ते जगभर पसरले. तांबे बुरशीला आवर घालते, आर्सेनिक कीटकांना आणि तांब्याला दाद न देणाऱ्या बुरशींना रोखते, तर क्रोमियम त्या दोघांना लाकडात बांधून ठेवते, म्हणजे पावसाने ते सहज धुपून जात नाहीत. लाकूड बंद नळकांड्यात ठेवून आधी हवा ओढून घेतात आणि मग दाबाखाली द्रावण आत घुसवतात. बाहेरचे फिकट रसकाष्ठ ते चांगले शोषते, आतले गडद मध्यकाष्ठ मात्र फारसे आत घेत नाही. म्हणून असे लाकूड नंतर कापले की आतला असंरक्षित भाग उघडा पडतो.

खांबांचे आयुष्य या मिश्रणाने कित्येक पटींनी वाढवले, हे नाकारता येणार नाही. परंतु अंगणातल्या बाकांसाठी आणि मुलांच्या खेळण्याच्या साधनांसाठी ते नको, असा विचार बळावला आणि २००३ च्या अखेरीस अमेरिकेतील उत्पादकांनी घरगुती वापरासाठीचे उत्पादन थांबवले. आपल्याकडे असे लाकूड असेल, तर त्याला रंधा मारताना तोंडावर मुखपट्टी बांधावी, भुसा गोळा करावा आणि ते कधीही जाळू नये. धुरात आणि राखेत आर्सेनिक राहते.

विषाशिवाय टिकाऊपणा आणण्याचे दोन मार्ग आज रुळले आहेत. एकात लाकूड प्राणवायू जवळजवळ नसलेल्या भट्टीत १८० ते २३० अंशांपर्यंत तापवतात. ते कमी पाणी शोषते, पण ठिसूळही होते, त्यामुळे भार पेलण्याच्या जागी ते वापरत नाहीत. दुसऱ्यात ॲसेटिक अनहायड्राइडची प्रक्रिया करून भित्तिकांतील पाणी धरणाऱ्या जागाच व्यापून टाकतात. भित्तिकेत पाणी शिरले नाही की बुरशीला पाय रोवता येत नाही आणि लाकूड फुगतही नाही.

प्रश्न : आता लाकडाच्या उंच इमारती उभ्या राहत आहेत. आग लागली तर? आणि एवढ्या लाकडासाठी जंगले संपणार नाहीत का?

उत्तर : नॉर्वेतील ‘म्योसतोर्नेट’ ही १८ मजली इमारत २०१९ मध्ये पूर्ण झाली, तिची उंची ८५.४ मीटर आहे. जाड तुळई आगीत बाहेरून कोळसा होत जाते आणि तो थर आतल्या लाकडाला उष्णतेपासून वाचवतो. हा कोळसा मिनिटाला साधारण ०.६५ मिलिमीटर या गतीने आत सरकतो, म्हणजे तासाला चार सेंटिमीटरच्या आत; अभियंते तेवढी जाडी मुळातच वाढवून धरतात. अडचण निघाली ती आडवेउभे थर चिकटवून केलेल्या फलकांत : काही चाचण्यांत डिंक उष्णतेने सैल होऊन जळका थर गळून पडला आणि खालचे ताजे लाकूड पेटले. त्यानंतर डिंकांसाठी अधिक कडक कसोट्या आल्या.

जंगलांविषयी सांगायचे, तर जगात तोडल्या जाणाऱ्या लाकडापैकी जवळपास निम्मे इंधन म्हणून जळते, आणि वनक्षेत्र नष्ट होण्याचे सर्वांत मोठे कारण शेती व चराईसाठी होणारा जमिनीचा पालट हे आहे. इमारती लाकडाची मागणी निरुपद्रवी आहे असे मी म्हणत नाही. तोड वार्षिक वाढीच्या आत राहते की नाही, यावर ते ठरते, आणि ती वाढ मोजण्यासाठी कायमच्या आखलेल्या तुकड्यांतील झाडे दर काही वर्षांनी पुन्हा मोजावी लागतात.

प्रश्न : जुन्या वस्तूचे लाकूड कोणते, हे प्रयोगशाळा खात्रीने सांगू शकते का?

उत्तर : सूक्ष्मदर्शकाखाली वाहिन्यांची मांडणी आणि किरणांची (गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या पट्ट्यांची) रुंदी पाहून बहुधा प्रजातीपर्यंत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटापर्यंत, पोहोचता येते, त्याखालची नेमकी जात ठरवायला डीएनए किंवा रासायनिक विश्लेषणाची मदत लागते. मॅडिसनचे आर्थर कोहलर यांनी अमेरिकी वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या बाळाच्या अपहरणाच्या खटल्यात १९३५ मध्ये दिलेली साक्ष या विद्येची प्रसिद्ध कसोटी ठरली. गुन्ह्यात वापरलेल्या शिडीच्या एका फळीतील वलये आरोपीच्या माळ्यावरील फळीशी आणि खिळ्यांची भोके तिथल्या तुळयांवरील भोकांशी जुळतात, हे त्यांनी दाखवले होते.

आपल्याला नमुना पाठवायचा असेल, तर वस्तूच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूचा, काड्यापेटीएवढा, रंग किंवा पॉलिश न लागलेला तुकडा पाठवावा. धाग्यांना आडवा काप त्यात असायलाच हवा. नुसता ढलपा असेल तर काम अडते.