वाचकांचे प्रश्न : अमेरिकेची पाठराखण आणि अतिउजवे पक्ष

प्रश्न : अमेरिका उघड पाठराखण करू लागल्यामुळेच युरोपात अतिउजवे पक्ष वाढले, असे म्हणावे काय?
— एक वाचक, गिरगाव, मुंबई

उत्तर : तसे म्हणता येणार नाही, वाढ आधीची आहे. जर्मनीतील ‘एएफडी’ (‘जर्मनीसाठी पर्याय’) हा अतिउजवा पक्ष २०१३ मध्ये युरो चलनाच्या बचाव योजनांना विरोध करण्यासाठी निघाला, २०१५ मध्ये निर्वासितांचे लोंढे आल्यावर त्याने स्थलांतरविरोध हाच मुख्य मुद्दा केला आणि २०२१ ची १०.४ टक्के मते २०२५ मध्ये २०.८ टक्क्यांवर नेली. अमेरिकेने दिली ती प्रतिष्ठा. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी, जर्मन मतदानाला नऊ दिवस उरले असताना, म्युनिक सुरक्षा परिषदेत युक्रेनविषयी ऐकण्यास बसलेल्या श्रोत्यांना अमेरिकेचे उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी, युरोपबाबत आपल्याला खरी चिंता रशिया वा चीनची नसून आतल्या धोक्याची आहे, असे सुनावले. लोकशाहीत ‘भिंतींना’ जागा नाही, असेही ते म्हणाले. ही भिंत म्हणजे एएफडीशी हातमिळवणी न करण्याचा इतर जर्मन पक्षांचा संकेत. पाहुण्याने यजमानाच्या घरच्या भांडणात बाजू घ्यावी, तसाच हा प्रकार!

मात्र वैचारिक जवळीक म्हणजे व्यापारात सवलत नव्हे. उजव्या विचारांच्या पंतप्रधान जॉर्जिया मेलोनी यांच्या इटलीलाही युरोपीय संघाबरोबर अमेरिकेचे १५ टक्के आयातशुल्क स्वीकारावे लागले. आणि मैत्रीच्या जाहीर सभांनंतरही भारतीय मालावर २७ ऑगस्ट २०२५ पासून ५० टक्के शुल्क लागले, तेव्हा त्याची झळ थेट अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रातील हिरेजडित दागिन्यांच्या कारखान्यांना बसली.